नावाड्याची राहिलेली चार मिनिटं

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. लिहिलं कधी नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं… आणि खरं सांगायचं तर तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या बाबतीतही ते घडलेलं नाही, असं माझं मत होतं. थोडंफार अजूनही आहे. घाटात हात दाखवणारी बाई, मागे वळून पाहू नका म्हणणारा म्हातारा, मग दुसऱ्या दिवशी कळतं की तो म्हातारा तर कधीचाच गेलेला – हे सगळं मी चहाबरोबर वाचतो आणि कप विसळला की विसरतो. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. ज्या माणसानं आयुष्यभर पुस्तकं लावली, त्याला कशावरही पटकन विश्वास ठेवता येत नाही. प्रत्येक गोष्टीच्या शेजारी तिच्या विरुद्धची गोष्ट ठेवलेली त्यानं पाहिलेली असते.

माझ्या अनुभवात घाट नाही, बाई नाही, अमावास्या नाही. सिडकोतल्या एका घराच्या गच्चीवर, लख्ख सकाळी, पाण्याच्या रिकाम्या टाकीपाशी घडलेली गोष्ट आहे. आणि तिच्या मुळाशी आहे इंग्रजी हेवी मेटलची एक कॅसेट.

हसा. मीही हसलो होतो.

सुरुवात ऐंशीच्या दशकाच्या उतरणीला होते. मराठवाड्यात पावसानं लागोपाठ तोंड फिरवलेलं, आणि तेव्हाचं औरंगाबाद मात्र फुगत चाललेलं. पाणी नव्हतं पण कारखाने होते, म्हणून माणसं येत होती. त्या माणसांत दत्ता होता. करमाडचा. घरची शेती थोरला भाऊ बघायचा, हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला लागला होता. पदमपुऱ्यात एक खोली आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. मी ग्रंथालयात चिकटलेलो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. मी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही हे त्याला सांगून उपयोग झाला नाही.

प्रेस शॉप म्हणजे काय, ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. दिवसभर लोखंडाची धूड मशीनं पत्र्यावर आदळत असतात. दत्ता कानात साधा कापूस घालायचा, आणि तोही बऱ्याचदा विसरायचा. संध्याकाळी खोलीवर आला की तासभर नुसता ओरडून बोलायचा.

एका रविवारी आम्ही शहागंजात भटकत होतो. तिथं सलीमभाईचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं – तुम्ही गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, पुढच्या रविवारी भरलेली घेऊन जायची. दुकानासमोर दत्ता एकदम थांबला. इतका की मागून येणारा सायकलवाला शिवी देऊन गेला. आतून काहीतरी भयंकर वाजत होतं. ढोल घोड्यासारखा दौडतोय, दोन गिटारी एकमेकींच्या मागे लागल्यात आणि वर एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडतोय.

"मास्तर," दत्ता म्हणाला, "आमच्या प्रेस शॉपला कुणी चाल लावली रं?"

सलीमभाईला आम्ही नाव विचारलं. "नाम-वाम नक्को पूछो मियाँ. कोई साब रेकॉर्ड लाये थे, भरके ले गये. एक कॉपी मैं अपने वास्ते रख लिया."

दत्तानं तिथल्या तिथं साठ मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन त्याच्या हातात ठेवली. पुढच्या रविवारी ती भरून मिळाली. वर सलीमभाईच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: 'इंग्लिश – जोरवाले'. बँडचं नाव नाही, गाण्यांची नावं नाहीत. पुढची पंचवीस वर्षं आमच्याकडे एवढाच पत्ता होता.

ती सुटी गाणी नव्हती, सगळी मिळून एकच कथा होती, हे कळायला आम्हाला महिना लागला. रविवारी दुपारी मी टेपला कान लावून बसायचो, मांडीवर डिक्शनरी. गायक शब्द चावून गिळायचा. दत्ता बटण दाबून मागे-पुढे करायचा आणि मी मराठीत सांगायचो. जिथं कळायचं नाही तिथं मी आपल्या मनाचं घालायचो, हेही आज कबूल करून टाकतो. कथा अशी: एक नावाडी असतो. दोन गावांमधल्या नदीवर माणसं पार करणं हा त्याचा पिढीजात धंदा. एका वर्षी नदी आटायला लागते. आधी नाव गाळात रुतते, मग लोक पात्रातून चालत जायला लागतात. त्याच्याकडे कुणी बघत नाही. शेवटी तो नावेला दोर बांधतो, खांद्यावर घेतो आणि कोरड्या पात्रातून वर वर ओढत निघतो – नदी गेली कुठं, हे बघायला.

आता माझं प्रामाणिक मत. त्यात आडंबर भरपूर होतं. मेघगर्जना होत्या. चर्चमधला ऑर्गन होता. मध्ये एक माणूस राजाच्या थाटात नुसतं बोलून जायचा. एवढं सगळं एका नावेसाठी? आमच्याकडे ओवी चार ओळींत हे सांगून दळण संपवते. मी हे दत्ताला म्हणून दाखवलं होतं. तो म्हणाला, "मास्तर, तू कधी काय ओढलंयस का?"

मी टेप पुन्हा सुरू केला. कारण सहाव्या गाण्यात, जिथं तो पहिल्यांदा दोर खांद्यावर घेतो, तिथं सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि मग एका दमात परत कोसळतात… त्या जागी दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. मेघगर्जना खोट्या होत्या, पण त्यांच्या आड कुणीतरी खरंच रडत होतं. त्याला नुसतं रडायची लाज वाटत होती म्हणून त्यानं एवढा मांडव घातला होता. हे कळायला डिक्शनरी लागत नाही. दत्ताला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं.

पहिल्या बाजूच्या शेवटी एक गंमत होती. तिथं तीन मिनिटांची टेप उरत होती, आणि कोरी टेप सोडणं सलीमभाईच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यानं तिथं एक कव्वाली भरून टाकली होती. दत्ता दोन महिने तीही कथेतलीच समजत होता. मी सांगितल्यावरही त्याला पटलं नाही.

"तुला काय म्हाईत? नदी धुंडत वर निघाला न्हाई का? वाटंत खुलताबाद लागलं असंल. उतरला असंल दर्ग्यावर घटकाभर."

खरा घोळ दुसऱ्या बाजूला होता. ती लांब होती. शेवटच्या गाण्यात नावाडी उगमापाशी पोचतो. सगळी वाद्यं चढत जातात, गायक म्हणतो, 'आणि तिथं, दगडाच्या कडेला, मला दिसलं –'

खट्ट. टेप संपली.

दत्तानं कॅसेट काढून उलटसुलट बघितली, परत घातली. पुढच्या रविवारी आम्ही शहागंजात हजर. सलीमभाई शांतपणे पान जुळवत होता.

"आखिर का? अरे मियाँ, अंग्रेजी गाने का क्या आखिर अन् क्या शुरू. सब एकीच सरीका चिल्लाते."

"तुमच्याकडची कॉपी द्या, त्यावरून भरून घेतो."

"वो कां की कॉपी? उसपे तो मैं शादी भर दिया. पार्टी जल्दी में थी."

दत्ता दुकानाच्या पायरीवरच बसला. सलीमभाईला वाईट वाटलं असावं. त्यानं चहा मागवला आणि फुंकर घालता घालता म्हणाला, "कितना रहे गया होंगा… चार मिनट. चार मिनट के वास्ते इत्ता बडा आदमी मुँह उतार के बैठा है."

त्या दिवशी परत येताना मी दत्ताला शब्द दिला – नावाड्याला काय दिसलं ते मी शोधून काढीन. ग्रंथालयात काम करतो, एवढं जमणार नाही का? नाही जमलं. नावच माहीत नसलेली वस्तू कोणत्या कपाटात शोधायची? दोन-तीन वर्षं विचारपूस केली. मग लग्नं झाली, खोली सुटली. दत्तानं सिडकोत घर बांधलं, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. एकाच गावात राहून वर्षानुवर्षं न भेटणं हे गाव शहर झाल्याचं पक्कं लक्षण. मध्ये रस्ता रुंद झाला, त्यात सलीमभाईचं दुकान गेलं. तो कुठं गेला ते कुणालाच सांगता आलं नाही.

दत्ताचे कान मात्र हळूहळू जात होते, ते मला लग्नकार्यात भेटला की जाणवायचं. आधी तो जास्त ओरडून बोलायचा, मग कमी बोलायला लागला. निवृत्तीच्या सुमाराला सगळंच बंद झालं. कानाला मशीन लावून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, नसच गेली आहे, आता आवाज आत पोचणार नाही.

मग तो दुसरा मोठा दुष्काळ आला. तुम्हाला आठवत असेल – जायकवाडी मृतसाठ्यावर, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, गल्लोगल्ली टँकर. एका सकाळी दत्ताच्या बायकोचा, मंगलवहिनींचा फोन आला.

"भावजी, तुम्ही एकदा येऊन जा. ह्यांचं काईतरी येगळंच चाललंय."

"तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय झालंय! सारी गल्ली पाणी कधी येतं त्याची वाट बघती. अन् हे टाकी कधी रिकामी व्हती त्याची! काल मी कपडे भिजवायला टाकले तर खूश झाले. म्हनले, अजून भिजव."

मी गेलो. दत्ता गच्चीवर होता. त्याच्याकडे प्लास्टिकची नव्हे, जुनी लोखंडी टाकी होती, कारखान्यातल्याच कुणाकडून घडवून घेतलेली. आपण टाकीवर थाप मारून आवाजावरून पाणी कुठवर आहे ते ओळखतो. दत्ताला आवाज नाही, म्हणून तो एका हातानं थाप मारायचा आणि दुसरा तळवा पत्र्यावर टेकवून ठेवायचा. आत्ताही त्याचा तळवा टाकीवर होता. डोळे मिटलेले. आणि मान… मान दौडत्या ढोलावर हलावी तशी हलत होती.

मी खांद्याला हात लावला तसा तो दचकला, मग हसला.

"आलास? बरं झालं. वही घे."

घरात त्याच्याशी बोलायला एक शाळकरी वही ठेवलेली होती. आपण लिहायचं, तो वाचून तोंडानं उत्तर देणार. त्यामुळे त्या दिवशीच्या संभाषणातला फक्त माझाच भाग आज कागदावर आहे. ती पानं मी मागून घेतली आहेत. का घेतली ते पुढे कळेल.

पहिलं वाक्य माझं आहे: 'हे काय चाललंय?'

"नावाडी," तो म्हणाला. बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "टाकी पार रिकामी झाली की वाजतंय. हातात. भरली की बंद. पयल्यापास्नं नाय वाजत. जिथं आपलं तुटलं व्हतं ना, तिथनं म्होरं."

मी लिहिलं: 'शेजारी बोअरची गाडी चालू आहे. त्याची थरथर असेल.' आणि खरंच पलीकडच्या प्लॉटवर बोअर घेत होते, खोल खोल, नुसती धूळ निघत होती.

त्यानं वाचलं. "बोअर दुपारी बंद असतंय. अन् बोअर खोकतं का, मास्तर?"

माझ्या अक्षरात पुढे आहे: 'खोकला? कुणाचा?'

"ते शेवटी. आधी नीट ऐक. तो म्हनतो ना, मला दिसलं – तिथं ढोल बंद. समदं बंद. एकच गिटार, हळू. पयल्या गाण्यातलीच चाल, पर थकल्यावानी. मग लाकडावर लाकूड. टक… टक… वल्हं नावंवर आपटल्यावानी. अकरा डाव."

'अकरा? मोजलेस?'

"रोज मोजतो. अकराच. मग तो दोन वळी बोलतो. वरडत नाय. आपल्या खोलीत आपुन बोलायचो तसं. मग संपतं. अन् संपल्यावर जरा येळानं कोनतरी खोकतं, एकदाच. खुर्ची सरकल्याचं येतं. मग काय नाय."

वहीत पुढे मी लिहिलंय: 'खुर्ची? गाण्यात खुर्ची कशाला असेल?' आणि त्याच्या खाली, जरा रागानं: 'दत्ता, हे मनाचे खेळ असतात.'

तो चिडला नाही. त्यानं माझा हात धरून पत्र्यावर टेकवला. लोखंड उन्हानं तापलेलं होतं. मी खरंच लक्ष दिलं. काही नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि माझ्या तोंडावर काय दिसलं ते त्याला कळलं.

"जाऊंदे," म्हणाला. "मला आवाज येतो, पर ते इंग्रजी बोलनं मला कळत नाय. त्या दोन वळी काय म्हनतो, तेवढं पायजे. सारा जन्म चालला, मास्तर, मला ठावं नाय नावाड्याला तिथं दिसलं काय. तू शोधतो म्हनला व्हतास."

खाली आलो तेव्हा वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. "काय म्हनले?"

"गाणं ऐकू येतं म्हणतो."

"मला पन तेच म्हनले." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "खोटं नाय सांगत, भावजी. मला आधी वाटलं डोस्क्यात काय झालं. पर गेल्या धा वर्सांत असा हसलेला मानूस मी बघितला नव्हता. म्हनून तर चार-सहा डाव मीच कॉक सोडून ठिवला…" दुष्काळात पाणी सोडून दिल्याचं त्या असं सांगत होत्या, जसं चोरी कबूल करावी.

जाताना मी वहीतली ती पानं मागून घेतली, आणि दत्तानं ती कॅसेट माझ्या हातात ठेवली. 'इंग्लिश – जोरवाले'. शाई उडालेली.

दोन आठवड्यांनी माझी मुलगी पुण्याहून आली. मी माळ्यावरचा टेप काढून, साफसूफ करून ठेवला होता. तिला सगळं सांगितलं नाही, फक्त म्हणालो, ह्या बँडचं नाव शोधायचंय. तिनं मोबाइल टेपजवळ धरला. टेप घसरत होती, दोनदा काही मिळालं नाही. तिसऱ्या वेळी आठ-दहा सेकंदांत नाव पडद्यावर आलं. मी आयुष्य पुस्तकांच्या कपाटांत काढलेलं, आणि उत्तर हे असं आलं… मला आनंद झाला की अपमान वाटला, सांगता येत नाही. बँड कधीच मोडला होता. तो अल्बम मात्र पूर्ण होता, मुखपृष्ठासकट. तडकलेल्या जमिनीवर एक नाव.

"लावू?" मुलगी म्हणाली.

मी शेवटचं गाणं लावायला सांगितलं आणि वहीची ती पानं समोर उघडून ठेवली.

'आणि तिथं, दगडाच्या कडेला, मला दिसलं –' आणि खट्ट झालं नाही. ढोल बंद झाला. सगळं बंद झालं. एक गिटार, हळू. पहिल्या गाण्यातली चाल, थकलेली. मग लाकडावर लाकूड. मी बोटांवर ठोके मोजले. सात. आठ. मला वाटलं, इथं थांबेल आणि मी सुटेन. अकरा झाले, आणि थांबलं.

मग त्या दोन ओळी, बोलल्यासारख्या.

मग शांतता. मुलगी बंद करायला गेली, मी तिचा हात धरला. "आवाज वाढव. पूर्ण." तिनं वाढवला. शांततेतली बारीक खरखर ऐकू यायला लागली आणि त्या खरखरीत, पार मागे, कुणीतरी एकदा खोकलं. त्यामागून लाकडाची खुर्ची सरकली.

"बाबा, कुणी खोकलं का आत्ता?" ती म्हणाली. म्हणजे ऐकणारा मी एकटा नव्हतो. मी चष्मा काढून ठेवला. ऐकायला चष्मा लागत नाही, पण काढला.

आता तुम्ही जे म्हणाल ते मी स्वतःला म्हणून झालेलं आहे. दत्तानं पूर्वी कधीतरी, कुठंतरी पूर्ण ऐकलं असेल आणि विसरला असेल? मग त्या पायरीवर बसून तो इतका उदास का झाला असता, आणि नंतर कधीही भेटला की मला 'काय कळलं का' विचारत का राहिला असता? कुणी सांगितलं असेल? ज्या वस्तूचं नाव कुणाला माहीत नव्हतं, तिचा शेवट कोण सांगणार, आणि तोही बहिऱ्याला? घरात ते कुणी मोबाइलवर शोधलं असेल? वहिनींना, मुलांना, सगळ्यांना विचारलं, कुणीच नाही. गिटारीचं सोडा – अशा अल्बममध्ये पहिली चाल शेवटी परत येते, हा अंदाज कुणीही बांधेल. अकरा हाही योगायोग म्हणू. पण खुर्ची? ती गाण्याचा भागच नाही. कुणा परक्या देशातल्या स्टुडिओत एक माणूस काम संपवून उठला, एवढंच आहे ते. त्याचा अंदाज कोणत्या मनाचा खेळ बांधतो, हे मला कुणीतरी समजावून सांगा. माझी वाचायची तयारी आहे.

तिसऱ्या दिवशी मी दत्ताकडे गेलो. रस्ताभर एकच प्रश्न होता. त्या दोन ओळी त्याला खऱ्या सांगायच्या का? तरुणपणी कळलं नाही तिथं मी मनाचं घालत होतो, मग आता काय हरकत होती? 'पाणी दिसलं' असं लिहिलं असतं तर त्यानं कुठं तपासलं असतं?

तो गच्चीवरच होता. मी वहीत आधी एवढंच लिहिलं: 'सापडलं. तू म्हणालास तसंच आहे. अकरा. खोकला. खुर्ची.'

त्याला काही नवल वाटलं नाही. "ते मला ठावं हाय. वळी सांग."

मी लिहिलं. खरं तेच लिहिलं. उगमापाशी फक्त एक कोरडा दगड असतो. नावाडी नाव उलटी करतो आणि तिच्या सावलीत बसतो.

दत्तानं ते वाचलं. परत वाचलं. बोअरची गाडी कधीच निघून गेली होती, खाली वहिनी कुणाशी तरी टँकरवरून भांडत होत्या. मला वाटलं, आता हा विचारील – एवढंच? एवढ्यासाठी?

"व्हय," तो म्हणाला. "पोचला म्हंजे."

मी पेनाला टोपण लावलं.

"पानी नसंल तर नसंल. इतक्या लांब वढत नेली, पोचला तर खरा. मला वाटायचं मधीच कुटं पडला का काय." त्यानं वही मिटली आणि सवयीनं तळवा टाकीवर टेकवला. थोडा वेळ थांबला. हात काढून पँटला पुसला, परत टेकवला.

टाकी रिकामी होती. मी स्वतः झाकण काढून पाहिलं.

"गेला," दत्ता म्हणाला.

त्यानंतर ते परत वाजलं नाही. दुष्काळ अजून महिनाभर होता, टाकी किती तरी वेळा कोरडी पडली. पुढच्या वर्षी पाऊस झाला, धरण भरलं, वहिनींनी प्लास्टिकची टाकी बसवली आणि जुनी पायऱ्यांखाली नेऊन ठेवली. दत्ता मधून मधून तिथं जाऊन हात लावून येतो, असं त्या सांगतात. मला तो एका शब्दानं बोलला नाही. पण मला राहून राहून वाटतं, शेवट ठाऊक नव्हता म्हणूनच ते त्याच्याकडे येत होतं आणि मी तो सांगून टाकला. खोटं लिहिलं असतं तर चालू राहिलं असतं का? की ऐकू येणाऱ्याला न कळणारं आणि कळणाऱ्याला ऐकू न येणारं असं काही असतं, आणि दोघं एकत्र आले की ते संपतं? हे वाक्य जरा भारदस्त झालं. मला भारदस्त वाक्यांचा तिटकारा आहे. थोडक्यात, मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

हल्ली दर दुसऱ्या रविवारी दत्ताचा मोबाइलवर एक शब्द येतो: 'ये'. मी जातो. तो नावाडी अख्खा लावायला लावतो, पहिल्यापासून. स्पीकरला हात लावत नाही, त्यातून काही येत नाही म्हणतो. समोर बसून तो माझ्या तोंडाकडे बघत असतो. मध्येच विचारतो, "कुटं पोचला?" आणि मी वहीत लिहितो – गाळात रुतला. लोक चालत निघाले. दोर खांद्यावर घेतला. एवढ्या आडंबराच्या गाण्यासमोर तासभर बसलेला माझा चेहरा काय दिसत असेल, देव जाणे. पण तो तेवढ्यावर सगळं ऐकतो.

परवा सहाव्या गाण्यात मी जरा हरवलोच. सगळं थांबून परत कोसळतं तिथं डोळे मिटले गेले, आणि बराच वेळ काही लिहिलंच नाही. उघडले तेव्हा दत्तानं वही माझ्या मांडीवर सरकवली होती, वर पेन.

"मास्तर," तो म्हणाला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, "एकटा म्होरं जाऊ नगंस."